गार केलं की व्हॅक्यूम बिघडतो: घरगुती क्रायो चेंबरची नेहमीची तक्रार आणि तपासणीचा क्रम

क्रायो चेंबर म्हणजे आतली हवा पंपाने काढलेली टाकी; तिच्यात द्रव नायट्रोजनने गार होणारी कोल्ड प्लेट असते आणि तिच्यावर एखादा भाग गारठ्यात तपासतात. तक्रार साधारण अशी असते. चेंबर गार नसताना पंप नीट ओढतो, गेज समाधानकारक आकडा दाखवतं. द्रव नायट्रोजन ओतला की काही मिनिटांत दाब वर चढतो. किंवा आधी खाली जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहापट झालेला दिसतो. कोल्ड प्लेट उणे १४०-१५० अंशांवर अडकून बसते, नायट्रोजन मात्र भराभर संपतो. मग झाकण उघडायचं, ओ-रिंगला (झाकणाखालच्या रबरी कड्याला) ग्रीस चोपडायचं, बोल्ट आणखी आवळायचे आणि पुन्हा पंप लावायचा. एखादी खेप बरी जाते, पुढच्या खेपेला पुन्हा मूळपद.

नुकसान होतं ते या उघडण्यातच. झाकण निघालं की बाहेरच्या हवेतलं पाणी आतल्या भिंतींना चिकटतं आणि दोष कुठला होता त्याचा पुरावाही पुसला जातो. म्हणून झाकणाला हात लावण्याआधी व्हॉल्व्ह बंद करा आणि दाब कसा चढतो ते घड्याळ लावून कागदावर उतरवा. बिघाड खरी गळती आहे, आत अडकलेली हवा आहे, पाणी आहे की फक्त गारठ्यात उघडणारी फट, हे बहुतेक वेळा त्या दहा-बारा आकड्यांतच कळतं.

कुठल्या चेंबरबद्दल बोलतो आहोत

वडोदऱ्यात घरी केलेल्या चेंबरचा घाट बहुधा एकसारखाच असतो, कारण मिळणारा माल तोच असतो. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेटरकडे एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) पाइपचे उरलेले तुकडे मिळतात. त्यातला दहा इंची शेड्यूल १०एसचा (भिंतीच्या जाडीचा एक प्रकार) पाइप बाहेरून २७३ मिमी, भिंत ४.१९ मिमी, आतून सुमारे २६५ मिमी. ३५० मिमी लांबी घेतली की आतली जागा १९ लिटर होते. दोन्ही टोकांना २० मिमी जाड प्लेटा, झाकणाला ५.३३ मिमी जाडीची, व्हायटॉन या रबराची ओ-रिंग. झाकणातून अर्ध्या इंचाच्या, अर्धा मिमी भिंतीच्या दोन एसएस नळ्या १५० मिमी खाली येतात: एक भरण्याची, एक वाफ जाण्याची. त्यांना एक लिटरचं एसएस भांडं, त्याखाली १५० मिमी व्यासाची १० मिमी जाड तांब्याची प्लेट, आणि प्लेटला खालून तपासायचा भाग बसवलेला. पुढचे सगळे आकडे या मापाचे आहेत. तुमचं माप वेगळं असेल तर त्या प्रमाणात बदला.

द्रव नायट्रोजन औद्योगिक गॅसवाल्यांकडे मिळतो. न्यायला क्रायोकॅनच हवा, म्हणजे पशुवैद्यक कृत्रिम रेतनासाठी वापरतात तो. घट्ट झाकणाच्या थर्मासमध्ये कधीही नको.

सुरक्षेच्या दोन गोष्टी नसतील तर पुढचं काहीच करू नका. पहिली, चेंबरच्या झाकणावर सुटणारी चकती. ४०-५० मिमीचं भोक, त्यावर ओ-रिंगवाली चकती, बोल्ट एकही नाही. ती फक्त व्हॅक्यूमने धरलेली असते. आतल्या भांड्याला गळती असेल आणि १०० मिली द्रव चेंबरच्या पोकळीत उतरला, तर गरम होताना त्याचा सुमारे ७० लिटर वायू होतो. १९ लिटरच्या बंद जागेत तो साडेतीन बारच्या पुढे जातो. पोलादी पाइप ते सोसेल, ॲक्रिलिकची खिडकी सोसणार नाही. दुसरी, खोलीतली हवा. पाच लिटर नायट्रोजन उडाला की साडेतीन घनमीटर वायू होतो. दहा बाय दहाच्या बंद खोलीत प्राणवायू २०.९ वरून १८ टक्क्यांच्या आसपास उतरतो, आणि १९.५ च्या खाली काम करायचं नसतं. वासही येत नाही, दमही लागत नाही, माणूस सरळ कोसळतो. खिडकी आणि दार दोन्ही उघडी ठेवा.

आधी गेजवर आणि नळीवर संशय घ्या

एसी दुरुस्तीचा दोन स्टेजचा पंप बहुतेकांकडे असतो. त्यावर १५ मायक्रॉन लिहिलेलं असतं, म्हणजे ०.०२ मिलिबार. तोही आकडा ताज्या तेलावर, कोरड्या हवेत. पंपाच्या तोंडावरच टी लावून गेज बसवा, दुसरं तोंड बंद करा आणि अर्धा तास चालवा. इथेच ०.०५ च्या खाली जात नसेल तर चेंबरचा काही दोष नाही. तेल दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी आहे. गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा सोडणारी झडप) उघडून अर्धा तास गरम चालवा, तरी फरक पडला नाही तर तेल बदला. पावसाळ्यात हे फार लवकर होतं.

पिरानी गेज (तापलेल्या तारेवरून दाब सांगणारं) ०.००१ च्या खाली विश्वासाचं नसतं, आणि तेलाची वाफ बसली की चुकीचं दाखवू लागतं. आत आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब टाकून हलवा, ओतून द्या, वाळवा. आत काडी किंवा कापूस घालू नका, तार तुटते. गेज पंपाजवळ लावलं असेल तर तो पंपाचा दाब आहे, चेंबरचा नव्हे. गेज चेंबरवरच हवं.

यापेक्षा जास्त वेळा सापडणारा दोष म्हणजे नळी. एसीवाल्यांची पाव इंची होज, आतून ६ मिमी, लांबी एक मीटर. कमी दाबाला तिच्यातून सेकंदाला जेमतेम ०.०३ लिटर हवा जाते. पलीकडचा पंप तीन लिटरचा असो की तीस लिटरचा, त्याने काही बदलत नाही. चेंबरमध्ये सेकंदाला ०.००१ मिलिबार-लिटर (दाब गुणिले आकारमान, हे गळतीचं माप) इतकी मामुली गळती असली तरी दाब ०.०३ वर अडकेल. तीच जोडणी २५ मिमी आतल्या व्यासाच्या, अर्धा मीटर लांबीच्या नळीने केली तर तिची क्षमता पावणेचार लिटरच्या आसपास जाते आणि अडथळा पंपाचाच उरतो. कमी दाबाला ही क्षमता व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणून इथे पैसे वाचवू नका. आवश्यक तेवढीच लांबी, जास्तीत जास्त व्यास.

व्हॉल्व्ह बंद करून दाब मोजण्याची कसोटी

चेंबर ०.०१ मिलिबारपर्यंत (एसीचा पंप तिथवर जात नसेल तर तो जाईल तितकं) ओढा, चेंबरला लागून असलेला व्हॉल्व्ह बंद करा, दर दहा मिनिटांनी आकडा लिहा. चाळीस मिनिटं पुरेत.

आकडे ०.०१०, ०.०४१, ०.०७२, ०.१०३ असे सारख्या पायऱ्यांनी चढले तर ती बाहेरून येणारी हवा आहे. बाहेरचा दाब आतल्यापेक्षा लाखपट मोठा असल्याने आत थोडं भरलं तरी तिचा वेग बदलत नाही. दहा मिनिटांतली वाढ सेकंदांनी भागा, लिटरने गुणा: ०.०३१ भागिले ६००, गुणिले १९, म्हणजे सेकंदाला ०.००१ मिलिबार-लिटर. हा आकडा लिहून ठेवा. दुरुस्तीने सुधारणा झाली की नाही हे यावरून ठरतं, गेजच्या शेवटच्या आकड्यावरून नाही.

०.०१०, ०.०३८, ०.०५२, ०.०५९ अशी वाढ मंदावत गेली तर आतल्या पृष्ठभागांतून वाफ सुटते आहे, मुख्यतः पाणी. रात्रभर पंप चालू ठेवून सकाळी कसोटी पुन्हा घ्या. पाण्याचा वाटा वेळेच्या व्यस्त प्रमाणात घटतो: दहा तासांनी तो एका तासानंतरच्या साधारण दहाव्या भागावर येतो. गळती रात्रभरात तिळमात्र कमी होत नाही.

दोन्हींचं मिश्रण असेल, आणि बहुधा असतंच, तर तीच कसोटी गार असताना घ्या. भांड्यात नायट्रोजन असताना पाण्याची प्रत्येक वाफ कोल्ड प्लेटवर गोठते, दाबात तिचा हिस्सा शून्य होतो. नायट्रोजन आणि प्राणवायू मात्र उघड्या तांब्यावर त्या तापमानाला इतक्या कमी दाबात टिकत नाहीत. म्हणजे गार चेंबरमध्ये व्हॉल्व्ह बंद केल्यावर जे चढतं ते जवळपास सगळं हवेचं. हेलियम लीक डिटेक्टर घरी कुणाकडे नसतो, पण नायट्रोजन तर हाताशी असतोच, आणि या कसोटीला दुसरं काही लागत नाही. एकच अट आहे: प्लेटवर कोळशाचं गेटर (वायू शोषून घेणारा थर) लावलेलं नसावं, कारण ते हवाही शोषतं.

अडकलेली हवा

वाढ मंदावते, पण रात्रभरानंतरही पुरेशी घटत नाही, आणि बाहेरून अल्कोहोल लावलं तरी गेज हलत नाही. असं असेल तर हवा आतच कुठेतरी कोंडलेली आहे. आरपार नसलेल्या भोकात आटे पाडून स्क्रू बसवला की त्याच्या टोकाखाली ०.१ घनसेंमी हवा सहज राहते. ती आट्यांमधून सेकंदाला ०.००००१ मिलिबार-लिटरने झिरपली तर संपायला पावणेतीन तास लागतात, आणि असे बारा स्क्रू असले तर बारा ठिकाणांहून. इलाज सोपा आहे: स्क्रूच्या एका बाजूला कानशीने आट्यांच्या लांबीभर सपाट खाच पाडा, किंवा भोक आरपार करा. वॉशरखालची जागाही कोंडते, वॉशरलाही खाच हवी.

वेल्डिंगचा दोष याहून वाईट. फॅब्रिकेटर मजबुतीसाठी पाइप आणि फ्लॅंजचा (टोकाच्या जाड कड्याचा) जोड आतून आणि बाहेरून दोन्हीकडे पूर्ण भरतो. प्रेशरच्या टाकीला ते ठीक, इथे नाही. दोन शिवणींच्या मध्ये हवेची पोकळी राहते आणि आतल्या शिवणीत सुईच्या टोकाएवढं छिद्र असलं तरी ती महिनोन्‌महिने झिरपते. बाहेरून सापडणं अशक्य. ऑर्डर देतानाच सांगा: आर्गन वेल्डिंग, सलग शिवण फक्त आतल्या बाजूने, बाहेरून लागलेच तर तुटक टाके. काम झालेलं असेल तर बाहेरच्या शिवणीत दोन-तीन ठिकाणी २ मिमीची भोकं पाडून पोकळी मोकळी करा. मग आतल्या शिवणीची गळती खरी गळती म्हणून समोर येते आणि शोधता येते. क्रायोजेनिक टाक्या बनवणारी आयनॉक्स इंडिया याच शहरातली. पातळ स्टेनलेसवर हात बसलेला वेल्डर इथे शोधला तर सापडतो, आणि त्याची थोडी जास्त मजुरी देणं शंभर टक्के योग्य आहे.

बाहेरची गळती शोधणं

आधी झाकणाची ओ-रिंग. ५.३३ मिमीच्या रिंगला खाचेची खोली ४.२ मिमी, रुंदी ७ मिमी. यात रिंग एकवीस टक्के दबते आणि खाच तीन चतुर्थांश भरते. वातावरणच झाकणावर साडेपाचशे किलोहून जास्त भार देतं, त्यामुळे बोल्ट फक्त सुरुवातीला रिंग टेकवण्यापुरते हवेत. जास्त आवळल्याने सील सुधारत नाही, फ्लॅंज वाकते. खाचेचा तळ लेथवर फिरवलेला असावा, म्हणजे ओरखडे गोल जातात. आतून बाहेर जाणारा एक आडवा ओरखडा ग्रीसने बुजत नाही, पुन्हा फिरवूनच घ्यावा लागतो. ग्रीस व्हॅक्यूमचंच, रिंग फक्त चमकेल इतकं. पेट्रोलियम जेली आणि बांधकामाचं सिलिकॉन यांचा इथे काही उपयोग नाही.

शोधण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल, सुईच्या सिरिंजने, एका वेळी एकच जोड. पिरानीचा आकडा झटकन उडी मारतो, तिथेच छिद्र. कधी आकडा उलट खाली येतो, कारण द्रवाने छिद्र क्षणभर बुजतं; तोही पुरावाच. ॲसिटोन वापरू नका, व्हायटॉन फुगतं. पंपाची मोटर आणि इतर ठिणग्या लांब ठेवा.

वायरी आत नेण्याची जागा हमखास गळते, पण तिथे कुणी बघत नाही. अनेक तारांची प्लास्टिक वायर ॲरल्डाइटमध्ये ओतली की बाहेरून सगळं बंद दिसतं, पण हवा प्लास्टिकच्या आत, तारांच्या फटींतून आरामात येते. ओतण्याच्या भागात २० मिमी प्लास्टिक काढा, तारा कल्हई करून एकजीव करा आणि मगच ओता. त्याहून चांगलं म्हणजे मोटर वाइंडिंगची एनॅमल तार. ॲरल्डाइटचा जोड झाकणाच्या बाहेरच्या, गार न होणाऱ्या बाजूलाच हवा.

पाणी, आणि वडोदऱ्याचा पावसाळा

जुलैमध्ये ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर हवेतल्या वाफेचा दाब ३४ मिलिबार असतो. जानेवारीच्या कोरड्या सकाळी, १५ अंश आणि ४० टक्क्यांना, तो सातच्या आत येतो. तेच चेंबर, तोच पंप, तीच माणसं, तरी पावसाळ्यात निकाल बिघडतात ते याच पाचपटीमुळे. चेंबर उघडं राहिलं की हे पाणी भिंती, वायरींचं इन्सुलेशन, ओ-रिंग आणि सगळ्यात जास्त मायलरच्या (उष्णता अडवायला आत गुंडाळलेल्या चकचकीत प्लास्टिकच्या) थरांत जाऊन बसतं.

उपाय असे करा. चेंबरमध्ये हवा सोडताना खोलीची हवा सोडू नका, क्रायोकॅनमधून आपोआप उडणारा नायट्रोजन सोडा. तांब्याची दोनेक मीटर नळी गुंडाळून तिच्यातून नेला की तो खोलीच्या तापमानाला येतो. उघडल्यावर काम दहा मिनिटांत उरकेल अशी तयारी आधीच ठेवा. भाग बदलून झाकण लगेच लावा. चेंबर वापरात नसेल तेव्हाही व्हॅक्यूममध्ये ठेवा.

भाजणं हा दुसरा उपाय. बाहेरून हीटिंग टेप, ८० अंश, सहा ते आठ तास, पंप चालू. व्हायटॉनला ८० अंशांचं काही वाटत नाही, पण ॲरल्डाइटला वाटतं, म्हणून वायरींच्या जागी तापमान ६० च्या वर जाऊ देऊ नका.

आता तो सकाळचा दहापट दाब. रात्री नायट्रोजन संपतो, प्लेट हळूहळू गरम होते, आणि उणे १२० ते उणे ९० अंशांच्या पट्ट्यात तिच्यावर गोठलेलं पाणी एकदम सुटतं. दाबाचं हे शिखर म्हणजे गळती नव्हे. प्लेटचं तापमान आणि दाब एकाच कागदावर शेजारी लिहिले की लगेच दिसतं. शिखर उंच असेल तर चेंबर ओलं होतं, एवढाच अर्थ. या वेळी पंप चालू असला पाहिजे, नाहीतर तेच पाणी पुन्हा भिंतींवर बसतं आणि पुढच्या खेपेला परत येतं. प्लेटला २५ वॅटचा हीटर लावून ती खोलीच्या तापमानापेक्षा पाचेक अंश वर नेल्याशिवाय चेंबर उघडू नका.

वीज गेली तर पंपातून हवा आणि तेल दोन्ही उलट चेंबरमध्ये येतात. पंपाच्या तोंडाशी वीज गेली की बंद होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसवा. ०.१ मिलिबारच्या खाली तेलाची वाफ चालू पंपातूनही मागे सरकते, म्हणून मध्ये झिओलाइट १३एक्सचा, तेलाची वाफ शोषणारा ट्रॅप हवा. तेल प्लेटवर जमलं की तिची चकाकी जाते, आणि उष्णतेच्या हिशोबात ते महाग पडतं.

गारठ्यातच उघडणारी गळती

हा सगळ्यात त्रासदायक प्रकार. गरम असताना कसोटी स्वच्छ, गार केलं की दाब वर. इथे कधी चढला, कुठपर्यंत भरल्यावर चढला, हेच विचारायचं.

ओतायला लागल्यावर पाच-दहा मिनिटांनी दाब चढत असेल तर झाकणाकडे बघा. भरताना नळीतून निघणारी थंडगार वाफ झाकणावर पसरते आणि जवळची ओ-रिंग गार करते. व्हायटॉन उणे २० च्या आसपास कडक होतं, मग ते दाबाबरोबर हलत नाही आणि फट पडते. हेअर ड्रायर त्या जागी धरा. दोन-तीन मिनिटांत दाब उतरला तर निदान पक्कं. वाफेच्या नळीला वाकवून तोंड झाकणापासून लांब न्या, नळ्या झाकणातून जातात तिथे ओ-रिंगऐवजी वेल्ड करा.

ड्रायरने काही फरक पडला नाही, आणि द्रव भांड्यात पोचताच दाब चढला, तर भांडंच गळतं आहे. नायट्रोजन थेट पोकळीत येतो आहे, म्हणून सुटणारी चकती मोकळी आहे ना ते आधी बघा. मग टप्प्याटप्प्याने भरा: पाव भांडं, दहा मिनिटं थांबा, अर्धं, पुन्हा थांबा. पाव भांड्यातच चढला तर तळाची शिवण किंवा तांब्याचा जोड. पूर्ण भरल्यावरच चढला तर वरची शिवण किंवा नळ्यांचे जोड. अंदाजे कुठे खरडायचं ते यातून कळतं.

तांबं आणि स्टेनलेस यांचा जोड साध्या कथलाच्या डागाने करू नका, सिल्व्हर ब्रेझिंगच करा. आणि ब्रेझिंगनंतर फ्लक्स (जोडताना लावलेलं रसायन) गरम पाण्याने, ब्रशने, पूर्ण निघेपर्यंत धुवा. काचेसारखा उरलेला फ्लक्स छिद्र बुजवतो, गरम असताना कसोटी पास होते, आणि गार होताच तो तडकतो. ही एक गोष्ट केली तरी या प्रकारचे निम्मे घोटाळे टळतात असं आमचं ठाम मत आहे. भांडं चेंबरमध्ये बसवण्याआधी तीन ते पाच वेळा द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून खोलीच्या तापमानाला आणा. पूर्ण सुकल्यावर आत अर्धा बार कोरडी हवा भरून साबणाच्या पाण्याखाली धरा. साबणाने अगदी बारीक छिद्र दिसत नाही, पण भांडं बसवण्यालायक नाही इतकं मोठं छिद्र नक्की दिसतं.

बोल्टने केलेला जोड असेल तर आकुंचनाचा हिशोब करा. खोलीच्या तापमानापासून नायट्रोजनच्या तापमानापर्यंत स्टेनलेस आणि तांबं साधारण ०.३ टक्के आखडतात, ॲल्युमिनियम ०.३९, टेफ्लॉन दोन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ॲल्युमिनियमच्या प्लेटला स्टेनलेसचे बोल्ट गार झाल्यावर सैल होतात, आणि टेफ्लॉनचं गॅस्केट तर सुटतंच. स्प्रिंगसारखे कोनाकार वॉशर लावले की पकड टिकते. गार भागात उघडता येणारा सील हवाच असेल तर १ ते १.५ मिमीची इंडियमची तार वापरा. ती त्या तापमानालाही मऊ राहते. महाग आहे, पण जुनी तार वितळवून पुन्हा ओढता येते.

प्लेट गार होत नाही, नायट्रोजन मात्र संपतो

इथे व्हॅक्यूमची चूक असेलच असं नाही, म्हणून आकडे मांडा. एक लिटर नायट्रोजन उडायला सुमारे १६१ किलोज्यूल लागतात, म्हणजे तासाला एक लिटर संपत असेल तर आत ४५ वॅट शिरत आहेत. पहिल्यांदा गार करताना तांब्याला किलोमागे ०.४६ लिटर, स्टेनलेसला ०.५३, ॲल्युमिनियमला एक लिटर लागतो. या चेंबरला सव्वा लिटर, ओतताना सांडणारा धरून दोन. एवढा जाणारच, त्याला गळती समजू नका.

स्थिर झाल्यावर एक लिटर पाचेक तास पुरला तर सगळं ठीक, नऊ वॅट. दोन तासांत संपला तर बावीस वॅट, कुठेतरी गडबड आहे. चाळीस मिनिटांत संपला तर व्हॅक्यूमच नाही.

०.०२ मिलिबार आणि ०.२ मिलिबार यांत उष्णतेच्या दृष्टीने फारसा फरक नसतो, कारण हवेचे रेणू भिंतीपर्यंत पोचण्याआधीच एकमेकांना धडकतात. खरा फायदा ०.००१ च्या खाली सुरू होतो. तिथे चौरस मीटरला वीस-पंचवीस वॅट शिरतात, ०.०००१ ला त्याचा दहावा भाग. एसीचा पंप तिथवर पोचणार नाही. तो आणि चेंबर यांच्या मध्ये डिफ्यूजन किंवा टर्बो पंप (आणखी खोल व्हॅक्यूमचा) लावा, किंवा कोल्ड प्लेटवर नारळाच्या करवंटीचा सक्रिय कोळसा २०-३० ग्रॅम एपॉक्सीने चिकटवा. थर्मासची मूळ बाटली शोधणाऱ्या जेम्स ड्यूअरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेच केलं होतं, आणि गार कोळसा आजही हवा तितक्याच जोरात शोषतो. मात्र आधी पंप चालू ठेवून त्याला शंभर अंशांवर काही तास वाळवा. पाण्याने भरलेला कोळसा काही शोषत नाही. आणि कोळसा गार असताना चेंबरमध्ये हवा कधीही सोडू नका: प्राणवायू उणे १८३ अंशांना द्रव होतो, आणि द्रव प्राणवायूत भिजलेला कोळसा हा स्फोटक पदार्थ आहे.

दाब चांगला असूनही बावीस वॅट येत असतील तर आधार तपासा. ५० मिमी लांबीचे चार एम-६ स्टेनलेस रॉड चार वॅटहून जास्त आणतात. त्याच मापाचे जी-१० फायबरग्लासचे रॉड वीसपटीने कमी. मग प्लेटची चकाकी. स्वच्छ तांबं आणि काळवंडलेलं, तेलकट तांबं यांच्यात पाचपट फरक पडतो. इथे भांडं आणि प्लेट मिळून ०.१ चौरस मीटर आहेत, म्हणजे चार-पाच वॅटचे वीस-पंचवीस होतात. ॲल्युमिनियम चढवलेल्या मायलरचे दहा थर, मध्ये जाळी. जाळी मांडवीच्या कापडबाजारात मिळते ती चालते, पण पॉलिएस्टरची घ्या. नायलॉन पाणी धरून ठेवतं. थर घट्ट गुंडाळू नका. आणि ०.०००१ च्या वर दाब असेल तर या थरांकडून फार अपेक्षा ठेवू नका.

पावसाळा इथे मदतीला येतो. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला दवबिंदू २६ अंशांवर असतो, म्हणजे चेंबरची बाहेरची भिंत कुठेही चार अंशांनी जरी गार झाली तरी तिथे दव धरतं. चेंबर पुसून कोरडं करा, अर्धा तास थांबा, टॉर्च मारून बघा. दवाचा ठिपका जिथे दिसेल त्याच्या आत मायलर भिंतीला टेकलं आहे किंवा आधार चुकीचा आहे.

शेवटी सेन्सर. प्लेट उणे १९० ला असते आणि पीटी-१०० (विद्युतरोधावरून तापमान सांगणारा सेन्सर) उणे १५० दाखवतो, कारण वायरींतून येणारी उष्णता सेन्सरलाच गरम ठेवते. व्हॅक्यूममध्ये नुसतं टेकवून चालत नाही. मध्ये ॲपिझॉन एन ग्रीस किंवा इंडियमचा पत्रा घाला, स्क्रूने दाबा, आणि वायरी सेन्सरपर्यंत नेण्याआधी प्लेटलाच १०-१५ सेंमी गुंडाळून ॲल्युमिनियम टेपने चिकटवा. चार वायरींची जोडणी, प्रवाह १ मिलिअँपिअर. तपासणी सोपी: सेन्सर नुसता क्रायोकॅनमध्ये बुडवा, २०.३ ओहम आले पाहिजेत. तिथे बरोबर आणि प्लेटवर चूक असेल तर सेन्सर बदलू नका, बसवणी बदला. तपासायच्या भागालाही हेच लागू आहे: त्याच्या पाठीला ग्रीस नसेल तर प्लेट गार होते आणि भाग तासन्‌तास कोमट राहतो. भागात दोन-तीनशे व्होल्टच्या वरचं काही असेल तर पंप चालू होऊन दाब ०.००१ च्या खाली जाईपर्यंत त्याला वीज देऊ नका. मधल्या दाबाला हवा सव्वातीनशे व्होल्टलाही पेटते आणि भाग जळतो.